लँगॉलेन (वेल्स) : गाडी नसताना दीड-दोन दिवसांत काय बघावं, काय गाळावं?

पावसाळी_ढग :
मँचेस्टरहून निघायचं आहे. दोन ज्येष्ठ (एकांचा गुडघा कुरकुरतो), एक नऊ वर्षांचा मुलगा (इंजिनं आणि किल्ले सोडून जगात काही नाही) आणि मी. गाडी नाही. शुक्रवारी सकाळी निघून शनिवारी रात्री परत.

डी नदीकाठच्या लँगॉलेनची यादी मारुतीच्या शेपटीसारखी वाढत चालली आहे. वाफेची रेल्वे, घोड्याने ओढायची होडी, पाँटकसल्टेचा जलसेतू (कालव्याला दरीवरून नेणारा पूल), दिनास ब्रान किल्ला, व्हाले क्रुसिसचा मठ, प्लास नेवीद, चर्कचा किल्ला. तीन प्रश्न :
१. रुआबॉनला उतरून पुढे बसने जाणं ज्येष्ठांना झेपेल का?
२. जलसेतू होडीतून करावा की चालत?
३. यादीतलं काय सरळ कापावं?
'टॉप टेन'च्या लिंका कृपया नकोत.

तात्पुरता :
गाडी नाही ना? मग कॉन्वीला जा. चेस्टरहून थेट ट्रेन, स्टेशन गावाच्या तटबंदीच्या आतच, किल्ला दोन मिनिटांवर. फक्त कॉन्वी हा 'रिक्वेस्ट स्टॉप' आहे. उतरायचं असेल तर आधी गार्डला सांगायचं, चढायचं असेल तर फलाटावरून हात दाखवायचा. विषय संपला.

इंजिनघर :
@तात्पुरता, विषय लँगॉलेनचा आहे हो. कॉन्वी उत्तम आहे, पण तिथे किल्ला म्हणजे जिनेच जिने. बुरुज चढला नाही तर निम्मी मजा गेली. कुरकुरत्या गुडघ्याला लँगॉलेन जास्त मानवेल, कारण इथली सगळ्यात भारी गोष्ट सपाट आहे : कालवा.

प्रश्न १. मँचेस्टर पिकॅडिली ते चेस्टर साधारण तासभर, चेस्टर ते रुआबॉन अर्धा तास, पुढे बस वीसेक मिनिटं. गाड्या बदलायचा वेळ धरून अडीच तास समजा. रुआबॉनहून टी३ क्रमांकाची बस लँगॉलेन, कॉर्वेन, बाला करत थेट बारमथच्या समुद्रापर्यंत जाते. कुठून कुठपर्यंत जायचं ते चालकाला सांगा आणि परतीची शेवटची बस कधी ते चढतानाच विचारून घ्या.

अडचण रुआबॉन स्टेशनचीच आहे. एका फलाटावरून दुसऱ्यावर जायचा पूल जिन्यांचा आहे. जाताना किंवा येताना एकदा तो जिना वाट्याला येणारच. गुडघा फारच बोलत असेल तर एक स्टेशन आधी रेक्सम जनरलला उतरा, बसस्थानकापर्यंत सपाट दहा मिनिटं चाला आणि तिथूनच लँगॉलेनची बस पकडा. बसमध्ये वेळ जास्त जातो, पण जिना टळतो.

खडूस_मावशी :
शनिवारी रात्री परत म्हणजे शनिवारी संध्याकाळी निघा. 'रात्री' हा शब्द वेल्सच्या बस वेळापत्रकात नसतो.

नावाडी :
प्रश्न २ वर येतो, कारण इथे बहुतेक लोक चुकीचं तिकीट काढतात.

लँगॉलेनच्या धक्क्यावरून दोन वेगळ्या प्रकारच्या फेऱ्या निघतात. पहिली घोड्याची, सुमारे पाऊण तासाची. ती हॉर्सशू फॉल्सच्या दिशेने जाते आणि जलसेतूकडे अजिबात जात नाही. दुसरी मोटरबोटीची, साधारण दोन तासांची. ती एका दिशेने जलसेतू ओलांडून नेते आणि कोचने परत आणते. 'होडीचं तिकीट काढलं, जलसेतू आलाच नाही' ही तक्रार कायम ऐकू येते, ती यामुळे. तिसरा पर्याय म्हणजे बसने जलसेतूच्या टोकाशी असलेल्या ट्रेव्हरला जायचं आणि तिथल्या बेसिनमधून (होड्या थांबायच्या रुंद जागेतून) पाऊण तासाच्या जाऊन-येऊन फेरीत बसायचं. ज्येष्ठ आणि मूल बरोबर असताना हा तिसरा पर्याय सगळ्यात सुटसुटीत.

आता चालत की होडीतून. दोन्ही करा, पण आधी होडी. कारण सांगतो. पाणी ज्या लोखंडी कुंडातून जातं ते सुमारे ३.४ मीटर रुंद आणि १.६ मीटर खोल आहे. चालायची वाट त्या कुंडाच्या बाहेर नाही, पाण्याच्याच वर खांबांवर उचलून धरलेली आहे. त्यामुळे होडीने ढकललेलं पाणी वाटेखालून मागे सरकू शकतं. कुंड होडीएवढंच अरुंद केलं असतं तर बोट बाटलीच्या बुचासारखी अडली असती. वाटेच्या कडेला रेलिंग आहे. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, कुंडाची कड पाण्याच्या वर जेमतेम वीतभर आणि त्याखाली ३८ मीटरवर नदी. होडीत त्या बाजूला बसलं की आपण हवेत तरंगतोय असंच वाटतं. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांना वाटेच्या बाजूला बसवा आणि चढण्याआधीच कर्मचाऱ्यांना विचारून जागा पकडा. मध्ये उठून जागा बदलता येत नाही.

घाटमाथा :
+१. एकच भर : वाट अरुंद आहे. समोरून बाबागाडी किंवा सायकल आली की कोणीतरी अंग चोरायचं. सायकलवाल्यांनी उतरून चालायचं असतं. दोन माणसं हातात हात घालून हा पूल पार करू शकत नाहीत. प्रेमी युगुलांनी नोंद घ्यावी.

शाकाहारी_वाघ :
@नावाडी, हे लोखंडी कुंड गळत नाही का? दोनशे वर्षं झाली ना?

नावाडी :
जलसेतू खुला झाला १८०५ साली, काम सुरू झालं होतं १७९५ साली. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप हे अभियंते. ओतीव लोखंडाचं काम जवळच्याच विल्यम हेझलडीनच्या ओतशाळेतलं. १८ दगडी खांब, लांबी ३०७ मीटर. लोखंडी तक्त्यांचे सांधे वेल्श फ्लॅनेल आणि शिशाने बुजवले, आणि चुन्याच्या गिलाव्यात बैलाचं रक्त घातलं, असं सांगतात. खांब वरच्या भागात पोकळ आहेत, वजन कमी व्हावं म्हणून.

गळती शोधायची, तपासणी करायची तर कुंड रिकामं करतात. कुंडाच्या तळाला चक्क एक बूच आहे. दोन्ही टोकं बंद करून ते उघडलं की सगळं पाणी थेट खाली डी नदीत कोसळतं. हे काही वर्षांतून एकदा आणि हिवाळ्यात होतं. नोव्हेंबर ते मार्च या काळात कालव्याची कामं निघतात, म्हणून त्या महिन्यांत जाणार असाल तर होडी मिळेल असं धरून चालूच नका. पर्यटक होड्या साधारण ईस्टर ते ऑक्टोबर.

शाकाहारी_वाघ :
बैलाचं रक्त... जलसेतू यादीतून बाद. (ह.घ्या.)

खडूस_मावशी :
दोनशे वर्षांत वाळलं असेल हो.

इंजिनघर :
ट्रेव्हर बेसिनमध्ये उभं राहिलं की कालवा अचानक संपलेला दिसतो, तिथे बरेच जण गोंधळतात. मुळात हा कालवा तिथून सरळ उत्तरेला रेक्समकडून चेस्टरला जायचा होता. तो भाग कधी झालाच नाही. मग एवढ्या मोठ्या जलसेतूला पाणी आणायचं कुठून? म्हणून डी नदीवर लँगॉलेनच्या वर बंधारा घातला आणि तिथून पाण्याची एक चारी काढली. तो बंधारा म्हणजे हॉर्सशू फॉल्स आणि ती चारी म्हणजे आज लँगॉलेन गावातून जाणारा कालवा. चारी असल्यामुळेच तो इतका चिंचोळा आहे. गावाच्या पुढे हॉर्सशू फॉल्सपर्यंत मोटरच्या होड्यांना बंदी, तिथे फक्त घोडा.

आणि याच पाण्याने कालवा वाचवला. १९४४ साली जलवाहतूक कायद्याने बंद झाली होती. पण हे पाणी पुढे चेशायरमधल्या हर्लस्टनच्या तलावात पिण्यासाठी जातं, दिवसाला सुमारे साडेपाच कोटी लिटर, म्हणून कालवा बुजवता आला नाही. २००९ साली युनेस्कोने हॉर्सशू फॉल्स ते चर्कच्या पलीकडचा ग्लेड्रिड पूल हा सगळा १८ किलोमीटरचा पट्टा जागतिक वारशात घेतला.

म्हणून, @पावसाळी_ढग, यादी सुटी सुटी बघू नका. कालवा हा कणा धरा, जे त्याच्या काठावर येतं तेवढं घ्या, बाकीचं सोडा.

दगडधोंडा :
कालवा कालवा काय लावलंय. मुलगा किल्ल्याचा वेडा आहे असं लिहिलंय. दिनास ब्रान नाही केला तर लँगॉलेनला गेला कशाला?

धक्क्याजवळच्या पुलावरून कालवा ओलांडायचा, शाळेच्या बाजूने वर जाणारी पायवाट धरायची. पहिला टप्पा घरांमधून आणि कुंपणांमधून, मग उघडं कुरण, शेवटी नागमोडी चढ. माथा सुमारे ३२० मीटरवर, म्हणजे गावातून सव्वादोनशे मीटरच्या आसपास चढ. पाऊण ते एक तास वर, अर्धा-पाऊण तास खाली. तिकीट नाही, दरवाजा नाही, वेळ नाही. वर पाणी नाही, आडोसा नाही, स्वच्छतागृह नाही. तेराव्या शतकातला वेल्श राजांचा किल्ला, १२७७ साली इंग्रज फौज यायच्या आत आतल्याच लोकांनी जाळला. उरलेत ते भिंतींचे सुळके, पण समोर एग्लविसेगचे चुनखडीचे कडे एकावर एक रचलेले दिसतात, त्याला तोड नाही.

घाटमाथा :
सह्याद्रीवाल्यांना सूचना : 'सव्वादोनशे मीटर म्हणजे काय, पर्वतीच्या दुप्पट-तिप्पट' असं म्हणून साध्या बुटांत निघू नका. इथे कातळ नाही, ओलं गवत आहे, आणि त्यावर मेंढ्यांचा प्रसाद. उतरताना घसरण्याचं प्रमाण जास्त. सोलला खाचा असलेले बूट हवेत. माथ्यावर वारा इतका असतो की लहान मुलाला भिंतीच्या कडेला एकटं सोडू नये. गुडघेवाल्यांनी खाली धक्क्यावर बसावं, तिथे चहाची सोय आहे आणि किल्ला तिथूनही दिसतो.

गोदाकाठ :
पूल ते धक्का हा छोटासा चढही गुडघ्याला जाणवतो, हे कोणी सांगत नाही. नदीवरच्या दगडी पुलावरून पलीकडे गेलं की रेल्वे स्टेशन अगदी पुलालगत, नदीच्या पातळीला. कालवा त्याच्या वर, टेकडीच्या अंगाला. रस्ता जेमतेम दोन-तीन मिनिटांचा पण तीव्र. दिवसातून हा चढ एकदाच करावा लागेल अशा बेताने आखणी करा.

दुसरं, गावातला पूल आणि त्याखालचे खडक. उन्हाळ्यात सगळे तिथे पाय सोडून बसतात. खडक शेवाळलेले असतात आणि मधल्या घळींत पाणी दिसतं त्यापेक्षा खोल आणि वेगवान. वर बालाकडे पाऊस झाला की गावात ऊन असतानाही नदी फुगते. मुलाला काठावर ठेवा.

रानवारा :
रॅफ्टिंगबद्दल कोणी लिहील का? नऊ वर्षांचा चालतो का?

नावाडी :
@रानवारा, वयाची अट प्रत्येक संस्थेची आणि पाण्याच्या पातळीची वेगवेगळी, आधी फोन करून विचारा. लँगॉलेनच्या डीमधली खरी खळखळ हॉर्सशू फॉल्सच्या खाली, 'सर्पंट्स टेल' नावाच्या अरुंद घळीत. ती पावसाच्या पाण्यावर चालते, म्हणजे हिवाळ्यात जोरदार आणि कोरड्या जूनमध्ये नुसते दगड. उन्हाळ्यात खात्रीचं पाणी हवं असेल तर बालाजवळची ट्रवेरिन नदी. तिथे केलिन धरणातून पाणी सोडतात, त्याच्या वेळापत्रकावर राफ्ट चालतात. हे धरण लिव्हरपूलच्या पाण्यासाठी बांधलं, १९६५ साली कापेल केलिन हे अख्खं गाव त्याखाली गेलं. वेल्समध्ये भिंतींवर 'कोव्हिउख ड्रवेरिन' असं रंगवलेलं दिसलं तर ते त्याबद्दल आहे. ट्रवेरिन विसरू नका.

शाकाहारी_वाघ :
अवांतर पण महत्त्वाचं : खाणं. वेल्श केक बघून उडी मारू नका, पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. हल्ली बरेच जण लोणी वापरतात, पण विचारा. 'लार्ड आहे का' एवढाच प्रश्न पुरतो. बारा ब्रिथ, म्हणजे चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा पाव, त्यात बहुतेक वेळा अंडं. ग्लॅमॉर्गन सॉसेज मात्र नावाला सॉसेज. आत चीज, लीक आणि पावाचा चुरा, पण तेही बांधायला अंडं वापरतात. निखळ शाकाहारी आणि पोटभर हवं तर वेल्श रेअरबिट : टोस्टवर मोहरी घातलेला चीजचा दाट सॉस. तोही पक्का करायचा असेल तर बिअर आणि वुस्टर सॉस विचारा, वुस्टरमध्ये अँकोव्ही मासे असतात.

खडूस_मावशी :
थोडक्यात, डब्यात थेपले न्या.

दगडधोंडा :
थेपले गुजराती. दशम्या म्हणा, मावशी.

खडूस_मावशी :
झालं, धागा आता दशमी विरुद्ध थेपला. संपादक कुठे आहेत?

इंजिनघर :
मूळ विषय. रेल्वेबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

लँगॉलेन ते कॉर्वेन, सुमारे १६ किलोमीटर, पूर्ण मापाचा रूळ. रुआबॉन ते बारमथ हा जुना मार्ग प्रवाशांसाठी १९६५ साली बंद झाला, त्यातला हा तुकडा स्वयंसेवकांनी पुन्हा घातला. २०२३ साली गाडी कॉर्वेन गावात पोचली. पहिली गोष्ट : ही रोज चालत नाही. संकेतस्थळावर रंगांचं कॅलेंडर असतं. तुमच्या तारखेला गाडी आहे का हे आधी बघा, आणि ती वाफेची आहे की डिझेलची हेही बघा. इंजिनवेड्या मुलाला डिझेल रेलकार दाखवून आणलं तर घरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

जाताना उजवीकडची खिडकी घ्या. गाव सोडल्यावर लगेच गाडी डी ओलांडते, त्यानंतर नदी उजव्या हाताला राहते. बेरविन स्टेशन नदीच्या वरच टांगल्यासारखं आहे. त्यानंतर सुमारे ६३० मीटरचा बोगदा; वाफेची गाडी असेल तर खिडकी आधीच लावा, नाहीतर डब्यात धूर. कॉर्वेनच्या चौकात घोड्यावर बसलेल्या ओवाइन ग्लिंडूरचा पुतळा आहे. वाटेतल्या ग्लिंडिफरड्वीजवळ १४०० साली त्याने स्वतःला वेल्सचा राजपुत्र घोषित केलं. जाऊन-येऊन आणि चहा धरून अडीच-तीन तास.

शनिवारी सगळं गर्दीचं, म्हणून रेल्वे शुक्रवारी बसत असेल तर शुक्रवारीच उरका.

लाल_डबा :
भारताशी संबंध असलेलं काही जवळपास आहे का? ज्येष्ठांना रस असतो.

गोदाकाठ :
@लाल_डबा, दोन जागा आहेत. रेक्समच्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात एलिहू येलची कबर. तो ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होता, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला नाव त्याचंच. मद्रासमधल्या गुलामांच्या व्यापाराशी त्याचा संबंध होता, ते सहसा पाटीवर ठळक नसतं. रेक्समला बस बदलायची असेल तर चर्च गावातच आहे.

दुसरी, वेल्शपूलचा पॉविस किल्ला. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड, तोही मद्रासचा गव्हर्नर. त्याचं लग्न पॉविसच्या घराण्यात झालं आणि दोघा बापलेकांनी भारतातून आणलेला ऐवज तिथे जमा झाला. टिपू सुलतानाचा छिटाचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं मुंडकं तिथे आहे. पण हा स्वतंत्र दिवस आहे, श्रूजबरीला गाडी बदलून. या दोन दिवसांत कोंबू नका.

पास घेणार असाल तर लक्षात ठेवा : पॉविस आणि चर्क नॅशनल ट्रस्टचे, व्हाले क्रुसिस आणि कॉन्वी 'कॅडू'चे, म्हणजे वेल्सच्या सरकारी वारसा खात्याचे. एकाचं कार्ड दुसरीकडे चालत नाही. प्लास नेवीद स्थानिक कौन्सिलचं, तिथे दोन्ही चालत नाहीत.

पावसाळी_ढग :
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. प्लास नेवीद आणि व्हाले क्रुसिस ठेवू की कापू? आणि चर्क?

गोदाकाठ :
प्लास नेवीद ठेवा. आयर्लंडहून पळून आलेल्या एलिनोर बटलर आणि सारा पॉन्सनबी १७८० साली इथे आल्या आणि पन्नासेक वर्षं एकत्र राहिल्या. वर्ड्सवर्थपासून वेलिंग्टनपर्यंत सगळे भेटीला येत. घरभर काळं ओकचं कोरीवकाम, जुन्या पलंग-कपाटांचे तुकडे आणून जोडलेलं. गावातून चालत, थोडा चढ. बागेत बसायला बाकं आहेत, ज्येष्ठांना आवडेल.

व्हाले क्रुसिस १२०१ सालचा सिस्टर्शियन मठ, सुंदर आहे, पण गावापासून सुमारे तीन किलोमीटर, वर्दळीच्या रस्त्यालगत. गाडी नसताना दोन दिवसांत कापायचं तर हेच कापा. टॅक्सी केलीच तर मठाच्या पुढेच नवव्या शतकातला एलिसेगचा स्तंभही बघून घ्या. त्यावरचा लेख आता वाचता येत नाही, पण १६९६ साली एडवर्ड लुइडने उतरवून घेतला म्हणून मजकूर कळला.

इंजिनघर :
चर्कचा किल्ला कापा, चर्कचं स्टेशन कापू नका! परतताना वेळ उरला तर ट्रेव्हरहून कालव्याकाठाने सपाट चालत चर्कला जाता येतं, सुमारे ७ किलोमीटर. पण ते फक्त धडधाकट माणसांनी, आणि बॅटरी बरोबर हवी. वाटेत दोन बोगदे आहेत, चर्कचा सव्वाचारशे मीटरचा. आत वाट आहे, दिवे नाहीत. स्टेशन त्याच बोगद्याच्या अलीकडच्या तोंडाजवळ, म्हणून बोगद्यातून जाऊन, पलीकडचा १८०१ सालचा जलसेतू आणि त्याला खेटून उभा असलेला उंच रेल्वेपूल बघून परत यायचं. जलसेतूच्या मध्यावर वेल्स संपून इंग्लंड लागतं.

तुमचा बेत असा बसतो. शुक्रवार : दुपारपर्यंत पोचणं, त्या दिवशी धावत असेल तर रेल्वे, संध्याकाळी प्लास नेवीदची बाग. शनिवार : सकाळी दहाच्या आत दोघं दिनास ब्रान, ज्येष्ठ घोड्याच्या होडीत. दुपारी सगळे सामानासकट रेक्समच्या बसने ट्रेव्हरला, तिथून जलसेतूची होडी. मग गावात परत न येता त्याच दिशेने पुढे रेक्सम आणि ट्रेन. दोनदा तोच रस्ता तुडवायचा नाही.

खडूस_मावशी :
जुलैच्या सुरुवातीला जाणार असाल तर हे सगळं विसरा. आंतरराष्ट्रीय आइस्टेडव्हॉडचा (गायन-नृत्य महोत्सवाचा) आठवडा असतो, १९४७ पासून. जगभरचे गायक आणि नर्तक गावात, खोली मिळत नाही. पाव्हारोटी १९५५ साली वडिलांच्या गायकवृंदाबरोबर इथेच पहिलं बक्षीस घेऊन गेला. ऐकायला जायचं तर जा, पण खोली काही महिने आधी घ्या.

पावसाळी_ढग :
जुलै नाही, सप्टेंबर. आणि शनिवारी धो धो पाऊस असेल तर?

नावाडी :
तर किल्ला रद्द, बाकी काही नाही. ट्रेव्हरच्या होडीला छप्पर असतं का ते आरक्षण करताना विचारा. मागच्या उघड्या भागाची तिकिटं घेऊ नका. जलसेतूवर छत्री उघडू नका, वारा ती उलटी करतो आणि मग छत्री नदीला अर्पण. टोपीचं जॅकेट घाला. किल्ल्याऐवजी प्लास नेवीदच्या घराच्या आतला भाग शनिवार सकाळवर ढकला. आधी उघडण्याची वेळ बघा, हंगामाप्रमाणे बदलते.

घाटमाथा :
आणि सामान एकेक पाठपिशवी. चाकांची बॅग घेऊन ट्रेव्हरच्या थांब्यावरून बेसिनपर्यंत जाणं आणि मग ती होडीत कुठे ठेवायची हे विचारत बसणं, दोन्ही नको.